नाउरू बसून खाल्ल्यामुळे बुडाला का?

प्रशांत महासागरातल्या नाउरू या छोट्याशा बेट-देशाची एक गोष्ट गेली काही वर्षे आपल्याकडे सतत फिरत असते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर येते, अर्थकारणावरच्या व्याख्यानांत दाखला म्हणून ऐकू येते आणि निवडणुका जवळ आल्या की नव्या जोमाने पाठवली जाते. गोष्ट थोडक्यात अशी आहे. या बेटाला फॉस्फेटमुळे, म्हणजे खतासाठी लागणाऱ्या खनिजामुळे, आयता पैसा मिळाला. सत्तरच्या दशकात तिथला माणूस जगात सर्वांत श्रीमंत झाला. सरकारने कर घेतला नाही, शिक्षण आणि औषधोपचार फुकट दिले. लोकांनी काम सोडले, महागड्या गाड्या आणल्या, खाऊन खाऊन ते लठ्ठ झाले. त्यांनी स्वतःचेच बेट खणून संपवले आणि आज तो देश भिकेला लागून ऑस्ट्रेलियाचा तुरुंग चालवून पोट भरतो. फुकट वाटले की देश बुडतो, हे तात्पर्य शेवटी जोडलेले असतेच.

या गोष्टीतली काही वाक्ये खरी आहेत, म्हणूनच तिचा प्रतिवाद सावकाश आणि मुद्देसूद करावा लागतो. नाउरूच्या सरकारांनी फार मोठी संपत्ती घालवली, हे मला नाकारायचे नाही. माझा आक्षेप गोष्टीच्या सुरुवातीला आणि तिने दिलेल्या कारणाला आहे. ही गोष्ट १९६८ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्या वर्षी सुरू होते. प्रत्यक्षात नाउरूतून फॉस्फेटची पहिली जहाजे १९०७ मध्ये निघाली होती. मधली साठ वर्षे गाळली की परक्यांनी केलेल्या व्यवहाराचे खापर बेटवासीयांच्या स्वभावावर फुटते, आणि एकवीस चौरस किलोमीटरच्या बेटावर राहणाऱ्या सुमारे बारा हजार माणसांची बाजू मांडायला मराठी वाचकासमोर कोणीच उरत नाही.

पहिले विधान: पैसा आयता मिळाला

पैसा आयता मिळाला हे खरे, पण तो नाउरूच्या लोकांना मिळाला नव्हता. १८८८ मध्ये जर्मनीने हे बेट आपल्या ताब्यात घेतले. पुढे १८९९ मध्ये सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दार अडवून ठेवायला वापरला जाणारा एक दगड अल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्याने तपासून घेतला आणि ते लाकडाचे जीवाश्म नसून उच्च प्रतीचे फॉस्फेट आहे, असे निष्पन्न झाले. तो दगड नाउरूवरून आलेला होता. त्यानंतर जर्मन कंपनीशी करार होऊन पॅसिफिक फॉस्फेट कंपनीने खाणकाम सुरू केले. ज्याच्या जमिनीतून माल निघे त्या नाउरूवासीयाला सुरुवातीच्या काळात टनामागे अर्धा पेनी एवढा मोबदला मिळत असे.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ऑस्ट्रेलियाच्या सैन्याने बेट घेतले. १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीन सरकारांनी आपसांत करार करून ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स ही संस्था स्थापन केली आणि फॉस्फेटची वाटणी अनुक्रमे ४२, ४२ आणि १६ टक्के अशी ठरवून टाकली. या कराराचे कलम आजच्या वाचकाने लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. या तीन देशांना माल उत्पादन खर्चाच्या भावाने द्यायचा होता, जागतिक बाजारभावाने नव्हे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची जमीन फॉस्फरसच्या बाबतीत निकस असल्यामुळे तिथली गव्हाची शेते आणि गुराढोरांची कुरणे सुपरफॉस्फेट या फॉस्फेटपासून बनणाऱ्या खतावर उभी राहिली आणि ते स्वस्त मिळावे म्हणून नाउरूचा माल स्वस्त ठेवला गेला. ज्याला आपण अनुदान म्हणतो, ते या व्यवहारात श्रीमंत देशांच्या शेतकऱ्यांना मिळत होते आणि त्याचा बोजा राष्ट्रसंघाने ज्यांचे हित सांभाळण्याची जबाबदारी ऑस्ट्रेलियाच्या प्रशासनावर टाकली होती त्याच बेटवासीयांवर पडत होता. फुकट वाटपाचा दाखला म्हणून नाउरूचे नाव घेणाऱ्यांनी ही बाजू एकदा तरी विचारात घ्यावी.

याच काळात हे लोक संख्येने जवळजवळ नामशेष होण्याच्या काठावर होते. १९२० च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत लोकसंख्येचा सुमारे सहावा हिस्सा दगावला. आपली जमात टिकायची तर किमान दीड हजार माणसे हवीत, असे मानले गेले आणि २६ ऑक्टोबर १९३२ रोजी तो आकडा गाठला गेला तेव्हा तो दिवस राष्ट्रीय सण झाला. आजही नाउरूत २६ ऑक्टोबरला ‘अंगाम’ दिन पाळतात. दुसऱ्या महायुद्धात जपानने बेट व्यापले आणि सुमारे बाराशे नाउरूवासीयांना ट्रुक बेटांवर वेठीला नेले. ३१ जानेवारी १९४६ रोजी त्यांच्यापैकी ७३७ जण परत आले. लोकसंख्या पुन्हा दीड हजारांच्या खाली गेली होती आणि ती गाठायला १९४९ उजाडले. बरोबर बावीस वर्षांनी, ३१ जानेवारी १९६८ रोजी त्यांनी स्वातंत्र्य घेतले, आणि ती तारीख त्यांनी विचारपूर्वक निवडली होती. ज्या समाजाने एका पिढीत साथ, उपासमार आणि हद्दपारी सोसली, त्याला आयते खाणारा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

स्वातंत्र्यानंतरही खाण नाउरूला आंदण मिळाली नाही. देशाचे पहिले अध्यक्ष हॅमर डीरोबर्ट यांच्या नेतृत्वाखाली बोलणी झाली आणि कमिशनर्सची यंत्रसामग्री, बंदर आणि इमारती नाउरूने सुमारे २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेतल्या. पैसे हप्त्यांनी, त्याच फॉस्फेटच्या उत्पन्नातून फेडले गेले. १९७० मध्ये खाणीचा संपूर्ण ताबा नाउरूकडे आला, म्हणजे आपल्याच जमिनीखालचा साठा काढण्याची सोय त्यांनी रोख किंमत मोजून मिळवली.

दुसरे विधान: त्यांनी आपलेच बेट खणून संपवले

बेटाच्या मधल्या पठाराचा, म्हणजे तिथले लोक ज्याला ‘टॉपसाइड’ म्हणतात त्या भागाचा, बहुतेक हिस्सा आज खणलेला आहे. फॉस्फेट काढून घेतल्यावर मागे प्रवाळ चुनखडीचे उंच, टोकदार सुळके उरतात. त्यांच्यामध्ये ना शेती होते ना घर बांधता येते. माणसे किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्टीवर राहतात आणि त्या पट्टीभोवती फिरणारा रस्ता एकोणीस किलोमीटरचा आहे.

यातला सुमारे एक तृतीयांश भाग स्वातंत्र्यापूर्वीच खणून झाला होता. तो पुन्हा वापरण्याजोगा करून देण्याची जबाबदारी तिन्ही सरकारांनी नाकारली. नाउरूने १९८६ मध्ये श्रीलंकेचे विधिज्ञ ख्रिस्तोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला आणि त्याच्या निष्कर्षांच्या आधारे मे १९८९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियावर दावा दाखल केला. न्यायालयाला या दाव्याची सुनावणी करण्याचा अधिकारच नाही, हा ऑस्ट्रेलियाचा मुख्य आक्षेप २६ जून १९९२ रोजी फेटाळला गेला. त्यानंतर १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने न्यायालयाबाहेर तडजोड केली. तिची रक्कम १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होती. त्यातले ५ कोटी ७० लाख रोख आणि उरलेले वीस वर्षांत, दरवर्षी २५ लाखांप्रमाणे द्यायचे ठरले. ब्रिटन आणि न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला प्रत्येकी १ कोटी २० लाख डॉलर देऊन आपला वाटा उचलला. बेट उद्ध्वस्त होण्याचा दोष फक्त नाउरूच्या लोभाचा असता, तर तीन श्रीमंत सरकारांनी हे पैसे कशासाठी मोजले असते, याचे उत्तर त्या फिरत्या गोष्टीत मिळत नाही.

ऑस्ट्रेलियाने साठच्या दशकात आणखी एक मार्ग सुचवला होता. सर्व नाउरूवासीयांनी क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच्या कर्टिस बेटावर जाऊन राहावे, असा तो प्रस्ताव होता. बेट खणून पूर्ण होईल आणि माणसांची व्यवस्था दुसरीकडे लावता येईल, अशी त्यामागची धारणा होती. तिथे आपले सार्वभौमत्व राहणार नाही, आपण ऑस्ट्रेलियात विरघळून जाऊ, हे ओळखून नाउरूवासीयांनी १९६४ मध्ये तो प्रस्ताव नाकारला. पैशाच्या मोहापायी बेट विकणारी माणसे असा नकार देत नाहीत.

या मुद्द्याला नाउरूचा शेजारीच साक्षीदार आहे. नाउरूच्या पूर्वेला सुमारे तीनशे किलोमीटरवर असलेल्या बनाबा बेटावर तसेच फॉस्फेट होते, खाणकाम १९०० मध्ये सुरू झाले आणि पुढे तेच ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स तिथेही आले. बनाबाला मात्र स्वातंत्र्य मिळालेच नाही. तिथल्या लोकांना १९४५ मध्ये फिजीतल्या राबी बेटावर नेऊन ठेवले, खाण १९७९ पर्यंत चालली आणि साठा संपल्यावर बंद झाली. तिथे ना करमाफीची चैन झाली, ना विमाने घेतली गेली, ना महागड्या गाड्या आल्या. तरीही बनाबाची जमीन नाउरूसारखीच सुळक्यांची झाली. दोन्ही बेटांत समान असलेली गोष्ट कोणती, हे पाहिले तर उद्ध्वस्तीचे कारण लोकांच्या आळसात शोधण्याची गरज उरत नाही.

तिसरे विधान: ते जगात सर्वांत श्रीमंत होते

सत्तरच्या दशकातले दरडोई उत्पन्नाचे जे आकडे या गोष्टीत दिले जातात, ते एकाच प्रकारे काढलेले असतात: फॉस्फेटच्या निर्यातीचे उत्पन्न घ्यायचे आणि त्याला लोकसंख्येने भागायचे. या भागाकारात दोन मोठे दोष आहेत.

पहिला दोष छेदातला आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास बेटावर साधारण तीन हजार नाउरूवासी होते आणि जवळपास तेवढीच बाहेरची माणसे होती. त्यांत मुख्यतः चिनी आणि आजच्या किरिबाटी आणि तुवालूमधून कराराने आणलेले खाण कामगार होते. त्यांची मजुरी वेगळी, वस्ती वेगळी आणि नागरिकत्वाचा हक्क नाही. शिवाय जमीन खाजगी मालकीची, कुटुंबाकुटुंबांत वाटलेली असल्याने रॉयल्टी सर्वांना सारखी मिळत नव्हती. ज्या कुटुंबाच्या वाट्याच्या जमिनीत त्या वर्षी खाण चालू असे, त्याच्याकडे पैसा येई आणि बाकीच्यांच्या हाती सरकारी नोकरीचा पगार असे. अशा समाजाची सरासरी काढून ‘प्रत्येक जण कोट्यधीश’ म्हणणे म्हणजे त्या समाजाविषयी काहीच न सांगण्यासारखे आहे.

दुसरा दोष अंशातला आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. फॉस्फेट पुन्हा तयार होत नाही. ते विकून आलेला पैसा हे त्या वर्षाचे उत्पन्न नसून मालमत्ता विकून आलेली रक्कम आहे. वडिलोपार्जित शेत तुकड्यातुकड्याने विकणाऱ्या कुटुंबाच्या हाती त्या वर्षी पुष्कळ रोकड येते, पण म्हणून ते कुटुंब बागायतदार ठरत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या रूढ हिशोबपद्धतीत ही घट वजा होत नाही, त्यामुळे खाणीवर जगणारे देश कागदावर नेहमीच खऱ्यापेक्षा श्रीमंत दिसतात. त्यातही नाउरूचे ते गाजलेले आकडे भावाच्या एका असाधारण उसळीचे आहेत. १९७४ मध्ये मोरोक्कोने फॉस्फेटचा भाव काही पटींनी वाढवला, जगभर दर चढले आणि नाउरूचे उत्पन्न एकदम फुगले. पुढे भाव उतरले. या दोन-तीन वर्षांच्या शिखरावरून त्या देशाचे कायमचे चित्र रंगवले गेले आहे.

चौथे विधान: मोफत सोयी आणि चैन यांनी देश बुडाला

येथे गोष्टीतली कबूल करण्याजोगी बाजू येते. साठा एक दिवस संपणार, हे नाउरूच्या नेत्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. म्हणून त्यांनी फॉस्फेटच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा नाउरू फॉस्फेट रॉयल्टीज ट्रस्टमध्ये ठेवायला सुरुवात केली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यात १०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा अधिक रक्कम जमा होती. अवघ्या काही हजार नागरिकांच्या देशासाठी ही फार मोठी ठेव होती आणि बसून खाणारा समाज अशी ठेव साठवत नाही. ती पुढच्या दहा-बारा वर्षांत जवळजवळ नाहीशी झाली, हा नाउरूच्या इतिहासातला सर्वांत दुःखद भाग आहे. ती कशात गेली, हे पाहिल्याशिवाय कारणाबद्दल बोलता येत नाही.

मोठ्या रकमा कुठे गेल्या, हे सर्वज्ञात आहे. ट्रस्टने स्थावर मालमत्तेत प्रचंड गुंतवणूक केली. मेलबर्नच्या कॉलिन्स स्ट्रीटवर १९७७ मध्ये पूर्ण झालेले ५२ मजली नाउरू हाउस, होनोलुलूतला नाउरू टॉवर, सायपानमधली इमारत आणि निरनिराळ्या शहरांतली हॉटेले ही त्याची उदाहरणे आहेत. या मालमत्तांतल्या काही मुळात वाईट नव्हत्या, पण त्या गहाण ठेवून सरकारने चालू खर्चासाठी कर्जे काढली आणि व्याज साचत गेले. शेवटी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या वित्त कंपनीकडून घेतलेले वीस कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलरचे कर्ज थकले, २००४ मध्ये मालमत्ता ताब्यात घेणारे अधिकारी आले आणि नाउरू हाउस विकले गेले. सरकारी विमान कंपनीने आपल्या भरभराटीच्या काळात पाच-सहा जेट विमाने ठेवली आणि दरवर्षी मोठा तोटा सोसला. तिचे शेवटचे बोइंग ७३७ विमान डिसेंबर २००५ मध्ये धनकोंनी उचलून नेले. बनावट ‘प्राइम बँक’ हमीपत्रांच्या व्यवहारात ट्रस्टची फसवणूक झाली. लंडनमध्ये १९९३ साली उभ्या केलेल्या एका खर्चिक संगीतिकेत पैसे घातले गेले आणि ती काही आठवड्यांत बंद पडली. ही गुंतवणूक सुचवणारे सल्लागार बाहेरचे होते आणि त्यांना त्यांचा मोबदला मिळत होता, हेही नोंदवले पाहिजे.

शाळा, दवाखाना आणि औषधे यांवरचा खर्च या यादीच्या शेजारी ठेवला की मोफत सोयींनी देश बुडाला, हे तात्पर्य टिकत नाही. शंभर कोटींची ठेव शाळेच्या पुस्तकांनी आणि दवाखान्याच्या गोळ्यांनी आटली नाही. ती आटली तारण, व्याज, तोट्यातली कंपनी आणि फसवणूक यांमुळे. करमाफीचा दोष मात्र मी मान्य करतो, वेगळ्या कारणाने. ज्या देशात नागरिक कर भरत नाहीत, तिथे ते हिशोबही मागत नाहीत. ट्रस्टचे ताळेबंद वर्षानुवर्षे लोकांसमोर आले नाहीत आणि त्याबद्दल कोणाला खुर्ची सोडावी लागली नाही. अठरा सदस्यांच्या संसदेत दोन-तीन माणसे इकडून तिकडे गेली की सरकार पडे. १९८९ नंतरच्या दीड दशकात सरकारे इतक्या वेळा बदलली की दीर्घ मुदतीचा निर्णय राबवायला कोणी टिकून राहिलेच नाही. नोकरीच्या उत्पन्नावर कर आला तो २०१४ मध्ये.

दोष स्वभावाचा की व्यवस्थेचा, हे ठरवायला पुन्हा शेजाऱ्याकडे पाहावे. बनाबाच्या फॉस्फेटमधून आजच्या किरिबाटीसाठी १९५६ मध्ये एक राखीव निधी स्थापन झाला होता. बनाबावासीयांची त्याबद्दलची तक्रार रास्त आहे, कारण पैसा त्यांच्या जमिनीचा होता आणि निधी दुसऱ्यांचा झाला. पण निधी म्हणून पाहिले तर तो परदेशी रोख्यांत आणि समभागांत विखरून ठेवला गेला, त्यातून किती काढायचे यावर बंधन राहिले आणि खाण बंद होऊन चार दशके उलटल्यावरही तो शाबूत आहे, वाढलेला आहे. एकाच महासागरातली दोन शेजारी बेटे, एकच खनिज, एकाच प्रकारची माणसे. पैसा ठेवण्याचे नियम वेगळे होते आणि परिणाम वेगळा झाला.

त्या गोष्टीत हमखास येणारी पोलीसप्रमुखाची लॅम्बोर्गिनी खरी असो वा नसो, एका गाडीच्या किमतीने शंभर कोटींचा हिशोब लागत नाही. वाचकाला हसवण्यापलीकडे तिचे त्या गोष्टीत काही काम नाही.

नाउरूने केवळ चैन केली, उद्योगात पैसा घातला नाही, हा समज खोडून काढणारे एक उदाहरण तर आपल्याच देशात आहे. ओडिशातला पारादीपचा खत कारखाना चालवणारी पारादीप फॉस्फेट्स ही कंपनी १९८१ मध्ये भारत सरकार आणि नाउरू प्रजासत्ताक यांच्या भागीदारीत स्थापन झाली. फॉस्फेट खणून विकण्याऐवजी त्यापासून खत बनवण्याच्या टप्प्यातही आपला वाटा असावा, हा त्यामागचा विचार शहाणपणाचा होता. फिलिपाइन्समधल्या खत उद्योगातही नाउरूने असाच वाटा घेतला होता. १९९३ मध्ये नाउरूने पारादीपमधला आपला हिस्सा सोडला, पुढे भारत सरकारनेही बहुसंख्य मालकी खाजगी हातांत दिली आणि तीच कंपनी वाढत जाऊन २०२२ मध्ये तिने गोव्यातल्या झुआरीनगरचा खत कारखानाही घेतला. कोकणातल्या आणि गोव्यातल्या शेतकऱ्याला ज्या कंपनीचे खत आज मिळते, तिच्या जन्माच्या वेळी नाउरू भागीदार होता. नाउरूने तो हिस्सा धरून ठेवला असता तर काय झाले असते, हा अंदाज मी करत नाही. पण दूरदृष्टी अजिबात नव्हती, असे म्हणणे या एका व्यवहारापुढेही टिकत नाही.

पाचवे विधान: लोक आळसामुळे लठ्ठ झाले

नाउरूत लठ्ठपणा आणि मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे, हे खरे आहे. १९७५ च्या सुमारास पॉल झिमेट या ऑस्ट्रेलियन वैद्यकीय संशोधकाच्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना मधुमेह आढळला आणि ही पाहणी वैद्यकशास्त्रात गाजली. या आजारांमागची कारणे मात्र आळसाच्या पलीकडची आहेत. पठार खणले गेल्यावर केवडा, नारळ आणि इतर झाडांची जमीन गेली. जहाजातून येणारा पांढरा तांदूळ, मैदा, साखर आणि डबाबंद मांस हेच रोजचे अन्न झाले. ताजी भाजी आजही बाहेरून येते आणि महाग पडते. टोंगा, सामोआ आणि कुक बेटे यांच्याकडे फॉस्फेटची संपत्ती कधीच नव्हती, तरी तिथेही लठ्ठपणाचे प्रमाण जगात अत्यंत वरचे आहे. तेव्हा हा आजार फुकटच्या पैशाशी बांधता येत नाही. आजारी माणसांच्या शरीराकडे बोट दाखवून अर्थशास्त्राचा धडा देणे मला निर्दयपणाचे वाटते, आणि या गोष्टीतला हाच भाग लोक सर्वांत हौसेने पुढे पाठवतात.

सहावे विधान: आज तो देश भिकेला लागला आहे

२००० च्या आसपास हे वर्णन खरे होण्याच्या बेतात होते. फॉस्फेटची निर्यात जवळपास थांबली होती. सरकारी बँक ठेवीदारांना पैसे देऊ शकत नव्हती. त्याआधी नव्वदच्या दशकात सरकारने शेकडो कागदी बँकांची नोंदणी करून शुल्क कमावण्याचा मार्ग धरला होता. त्यांतून रशियातला काळा पैसा फिरला, आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि देशाचे नाव काळ्या यादीत गेले. २००१ मध्ये टॅम्पा या मालवाहू जहाजाने समुद्रातून वाचवलेल्या आश्रयार्थींना ऑस्ट्रेलियाने आपल्या भूमीवर उतरू दिले नाही, तेव्हा पैशाची निकड असलेल्या नाउरूने त्यांना ठेवून घेण्याचा करार केला. त्यांना ठेवण्यासाठी उघडलेले केंद्र २००८ मध्ये बंद झाले आणि २०१२ मध्ये पुन्हा उघडले. तिथे ठेवलेल्या माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, हालांबद्दल जगभर टीका झाली, ती योग्यच होती. त्या केंद्राचे मी समर्थन करत नाही.

पण त्यानंतरची वीस वर्षे गोष्टीत येत नाहीत. २००७ पासून नाउरूसह आठ बेट-देशांनी आपल्या समुद्रातल्या ट्यूना मासेमारीचे दिवस मोजून विकायला सुरुवात केली. त्याचा पाया १९८२ मध्ये नाउरूतच झालेल्या करारात होता. जमीन एकवीस चौरस किलोमीटर असली तरी नाउरूचे सागरी क्षेत्र तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठे आहे, म्हणजे जवळपास महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाएवढे. पूर्वी दूरच्या देशांच्या मोठ्या नौका अल्प शुल्क भरून तिथला मासा नेत. आठ देश एकत्र येऊन एका दिवसाचा किमान दर ठरवू लागल्यावर या गटाचे उत्पन्न दहा वर्षांत अनेक पटींनी वाढले. मला या सर्व इतिहासात हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण फॉस्फेटच्या बाबतीत जो भाव तीन परकी सरकारे ठरवत होती, तो माशांच्या बाबतीत बेटांनी स्वतः ठरवला. शिवाय ट्यूनाची पैदास नैसर्गिकपणे होत राहते, त्यामुळे मर्यादा पाळली तर हे खरोखरचे उत्पन्न आहे.

जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेने नाउरूला उच्च उत्पन्न गटात घातले. याचा अर्थ सर्व काही ठीक आहे असा मी लावत नाही. या उत्पन्नाचा मोठा वाटा ऑस्ट्रेलियाच्या केंद्राकडून आणि मदतीकडून येतो. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या करारात पाच वर्षांसाठी १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचे अर्थसंकल्पी साहाय्य आणि सुरक्षेसाठी ४ कोटी मिळाले, त्या बदल्यात सुरक्षा, बँकिंग आणि दूरसंचार अशा क्षेत्रांत इतर देशांना सहभागी करून घेण्यापूर्वी ऑस्ट्रेलियाची संमती घेण्याचे बंधन आले. जानेवारी २०२४ मध्ये नाउरूने तैवानऐवजी चीनशी राजनैतिक संबंध जोडले होते, त्या पार्श्वभूमीवर हा करार वाचावा लागतो. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर अवलंबून असण्याची नाउरूची स्थिती १९०७ पासून आजवर फारशी बदललेली नाही. ही खरी चिंतेची बाब आहे, पण ती भिकेची नव्हे. करार करून, किंमत घेऊन, कधी फार चढ्या किमतीत आपली जागा आणि आपले सार्वभौम हक्क वापरू देणाऱ्या छोट्या देशाची ही स्थिती आहे. तिच्यावर टीका करायची असेल तर दोन्ही बाजूंवर करावी, कारण त्या केंद्राची मागणी ऑस्ट्रेलियातून आली होती.

ट्रस्टच्या अनुभवातून नाउरूने काही घेतले नाही, हेही खरे नाही. २०१५ मध्ये पुढच्या पिढ्यांसाठी नवा निधी स्थापन झाला. त्याच्या व्यवस्थापनात पैसे घालणाऱ्या इतर देशांचे प्रतिनिधी आहेत आणि ठरावीक वर्षे उलटेपर्यंत सरकारला त्यातून पैसे काढता येत नाहीत. जुन्या ट्रस्टमध्ये अशी कोणतीही अडवणूक नव्हती. त्याच वर्षी बेटावर पुन्हा एका ऑस्ट्रेलियन बँकेची सेवा चालू झाली आणि लोकांचे पगार बँकेत जमा होऊ लागले.

समुद्राची पातळी वाढत असताना किनारपट्टीवरच्या वस्तीला पठारावर हलवायचे, हा नाउरूपुढचा पुढचा खर्च आहे. त्यासाठी पैसे उभे करायला २०२५ मध्ये सुमारे १ लाख ५ हजार अमेरिकी डॉलर घेऊन नागरिकत्व देण्याची योजना सुरू झाली. खोल समुद्रातल्या खनिज गोळ्यांच्या उत्खननालाही नाउरूने पाठिंबा दिला आहे. २०२१ मध्ये त्यासाठीचे नियम दोन वर्षांत तयार करावेत, अशी कायदेशीर सूचना त्याने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला दिली होती. या दोन्ही मार्गांबद्दल मला शंका आहेत. नागरिकत्व विकण्याचा नव्वदच्या दशकातला प्रयत्न बदनाम होऊन थांबवावा लागला होता आणि समुद्रतळ खणल्यावर काय उरते, याचा अंदाज करण्यासाठी नाउरूच्या लोकांना टॉपसाइडपलीकडे पाहावे लागत नाही. तरी ज्या पठारावर त्यांना आता घरे बांधायची आहेत, त्याचा मोठा भाग खणून कुणी नेला आणि ते सपाट करण्याचा खर्च किती वर्षे कुणी टाळला, हे ठाऊक असलेल्या वाचकाने तरी ही गोष्ट १९६८ पासून सुरू करून पुढे पाठवू नये.